गिझरची कॉइल निर्दोष सुटली: व्होल्टेज आणि करंटवरून रोध आणि वॅट काढायची रीत

डिसेंबरात वाईला मावशीकडे गेलो होतो. सकाळी सातला बाथरूमच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "अरे, गिझर लावला की जळकट वास येतो बघ. मेकॅनिक येऊन गेला. कॉइल गेली म्हणतोय, नवी टाकायला बाराशे सांगितलेत."

"मीटर लावून बघितलं का त्यानं?"

"कसलं मीटर? नळाखाली हात धरला, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला कॉइल."

कॉइल जाते तेव्हा बहुतेक वेळा पाणी तापतच नाही. इथे पाणी तापत होतं, फक्त सावकाश. गाडीत माझा टाँग टेस्टर, म्हणजे वायर चिमट्यात धरून करंट मोजायचा मीटर, होता. अर्ध्या तासात कॉइल निर्दोष सुटली आणि खरा गुन्हेगार भिंतीत सापडला. त्यासाठी लागली दोन मोजमापं, एक भागाकार आणि एक गुणाकार. शाळेत आपण सगळ्यांनी हे केलेलं असतं, पण प्रयोगवहीतल्या त्या गणिताचा घरातल्या सॉकेटशी काही संबंध आहे हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. म्हणून त्या सकाळचेच आकडे घेऊन सगळी रीत मांडतो.

चार आकडे, दोन सूत्रं

पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युतशक्ती असे शब्द असतात. कामावर आपण व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि वॅट म्हणतो. व्होल्टेज म्हणजे ढकलणारा जोर, व्होल्टमध्ये. करंट म्हणजे वायरीतून प्रत्यक्ष किती वाहतंय, अँपिअरमध्ये. या दोनच गोष्टी मोजायच्या. बाकीच्या दोन काढायच्या:

रोध (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
शक्ती (वॅट) = व्होल्टेज × करंट

पहिलं सूत्र दुसऱ्यात घातलं की आणखी दोन रूपं मिळतात. शक्ती = करंटचा वर्ग × रोध, आणि शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. पाठ करायला चार सूत्रं दिसतात, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. वायरीत आणि जोडात किती उष्णता होते हे बघायचं तर करंटच्या वर्गाचं. लेबलावरच्या वॅटवरून कॉइलचा रोध काढायचा तर व्होल्टेजच्या वर्गाचं.

घरातली वीज एसी आहे, व्होल्टेज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारत वरखाली होतं, मग हे सूत्र चालेल का, असा प्रश्न हुशार मुलं विचारतात. मीटर जे २३० दाखवतो तो परिणामी आकडा असतो (शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं) आणि कॉइल तापवण्याच्या बाबतीत तो २३० व्होल्ट डीसीइतकंच काम करतो. त्यामुळे गिझर, इस्त्री, रॉड, शेगडी अशा निव्वळ तापणाऱ्या वस्तूंना सूत्रं जशीच्या तशी लागू. मोटारीची गोष्ट वेगळी, ती पुढे.

मोजायला काय लागतं

एक क्लॅम्प मीटर, ज्याला आपल्याकडे अजून टाँग टेस्टर म्हणतात. एसी व्होल्टेजही त्याच्यावरच मोजता येतं. साधा मल्टिमीटर असेल तर व्होल्टेजसाठी छान, पण त्याच्यावर घरातल्या लाइनचा करंट मोजायच्या भानगडीत पडू नका. करंट मोजताना मल्टिमीटर वाटेत, म्हणजे सिरीजमध्ये घालावा लागतो आणि लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात घालावी लागते. मग ती तिथेच राहते, माणूस विसरतो, आणि पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला त्याच पिना सॉकेटमध्ये घालतो. त्या भोकाचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो. म्हणजे आपण हातात धरून थेट शॉर्ट केलेला असतो. माझ्या एका मित्राच्या मीटरची पिन अशीच टोकाला वितळलेली आहे. तो ती अजून फेकत नाही, आठवण म्हणून ठेवतो.

दुसरी लागते ती मोजणीची डबी. ही विकत मिळत नाही, मी बनवून घेतली आहे. १६ अँपिअरचा प्लग, त्याच्यापुढे अडीच एमएमच्या तीन सुट्या वायरी हातभर लांब, आणि शेवटी एका प्लास्टिकच्या बॉक्सवर १६ अँपिअरचं सॉकेट व त्याच्या शेजारी समांतर जोडलेलं ६ अँपिअरचं सॉकेट. गिझरचा प्लग मोठ्या सॉकेटमध्ये. शेजारचं छोटं सॉकेट मीटरच्या पिना घालायला. तीन वायरी सुट्या असल्यामुळे क्लॅम्पच्या चिमट्यात एकटी फेजची वायर घेता येते. कुठल्याही वायरीचं आवरण सोलायचं नाही.

चालू लाइनवर काम करायची सवय नसेल तर डबी आणि सॉकेटपाशी थांबा. बोर्ड उघडून आत पिना लावणं वायरमनचं काम. हात कोरडे, पायात चप्पल, आणि मीटर कॅट ३ दर्जाचा (घरातल्या लाइनवर वापरायच्या सुरक्षिततेचा हा शिक्का मीटरवर छापलेला असतो).

व्होल्टेज एकदा मोजून भागत नाही

इथे बहुतेक जण चुकतात. सॉकेटला पिना लावतात, २२८ दिसतं, "व्होल्टेज ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. पण लोड, म्हणजे वीज घेणारी वस्तू, चालू नसताना करंट वाहत नसतो, आणि करंट वाहत नसेल तर वाटेतला कुठलाही खराब जोड व्होल्टेज खात नाही. गंजलेला, सैल, अर्धा जळलेला जोडसुद्धा रिकाम्या सॉकेटवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नाल्यात दगड अडकला आहे का हे पाणी सोडल्याशिवाय कळत नाही, तसंच.

म्हणून दोनदा मोजायचं. मावशीकडे डबी लावली, गिझर बंद: २२८ व्होल्ट. गिझर चालू केला, अर्धा मिनिट थांबलो: २१५ व्होल्ट. दोन्ही आकडे कागदावर.

थोडं विषयांतर करतो, पण ते इथेच शोभतं. हा नियम ज्याच्या नावाचा, तो गेऑर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवायचा. त्यालाही नेमका हाच त्रास झाला. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्यांचं व्होल्टेज लोड टाकला की घसरायचं आणि प्रयोगाचे आकडे स्थिर राहायचे नाहीत. पोगेनडोर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्यानं बॅटरी सोडली आणि बिस्मथ व तांब्याचं थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडांमधल्या तापमानाच्या फरकावर व्होल्टेज देणारी जोडणी) घेतलं, एक जोड बर्फात आणि दुसरा उकळत्या पाण्यात. मग आकडे बसले. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. त्याच्या मूळ सूत्रात भागाकाराच्या खाली दोन संख्यांची बेरीज आहे: एक तपासायच्या वायरीची, दुसरी उरलेल्या सगळ्या मंडलाची. ती दुसरी संख्या शाळेत येता येता गळून जाते. मावशीच्या भिंतीत मला तीच शोधायची होती.

करंट: चिमट्यात एकच वायर

क्लॅम्प मीटर वायरीभोवतीचं चुंबकत्व वाचतो. फेजमधून करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. अख्खी केबल चिमट्यात धरली तर जाणारा आणि येणारा एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. नवशिका वायरमन अशा वेळी मीटरला शिव्या घालतो. म्हणून फक्त फेज.

करंट फारच कमी असेल, उदाहरणार्थ पंख्याचा, तर वायरीचे चिमट्याभोवती पाच वेढे द्या आणि आलेल्या आकड्याला पाचनं भागा. स्वस्त मीटरसुद्धा मग बऱ्यापैकी खरं बोलतो.

मावशीच्या गिझरचा करंट आला ८.१ अँपिअर.

आता भागाकार

रोध = २१५ ÷ ८.१ = २६.५ ओहम.
शक्ती = २१५ × ८.१ = १७४२ वॅट.

नुसते हे आकडे मुके असतात. त्यांना बोलतं करायला लेबल वाचावं लागतं. गिझरच्या पोटावर लिहिलं होतं: १५ लिटर, २३० व्होल्ट, २००० वॅट. म्हणजे कंपनीच्या हिशोबानं कॉइलचा रोध असायला हवा २३० × २३० ÷ २००० = ५२९०० ÷ २००० = २६.४५ ओहम.

मोजून काढला २६.५, लेबलावरून आला २६.४५. कॉइल जशी कारखान्यातून आली तशीच आहे. बाराशे वाचले.

अशा कॉइलमध्ये पाच-दहा टक्के फरक नव्या मालातही चालतो, त्यामुळे २५ किंवा २८ आले असते तरी मी घाबरलो नसतो. ४० आला असता तर कॉइलच्या टोकाचा जोड बघितला असता. दुहेरी कॉइलच्या गिझरमध्ये दुप्पट रोध आला तर एक कॉइल तुटलेली. कठीण पाण्यामुळे कॉइलवर पांढरे क्षार जमतात. त्यानं रोध बदलत नाही, उष्णता पाण्यात जायला अडते इतकंच. कॉइल आतून जास्त तापते आणि एके दिवशी तुटते. म्हणजे क्षार मीटरवर दिसणार नाहीत, झाकण उघडल्यावरच दिसतील.

मग लेबल २००० म्हणतं आणि मिळाले १७४२, ते का? कारण कॉइलला २३० मिळालेच नाहीत, २१५ मिळाले. शक्ती व्होल्टेजच्या वर्गानं घटते. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की शक्ती दहा नव्हे, एकोणीस टक्के कमी होते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे १८८४ किलोज्यूल लागतात, म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. २००० वॅटला त्याला पावणेसोळा मिनिटं, १७४२ वॅटला अठरा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा हीच कॉइल १२२५ वॅटवर उतरते आणि साडेपंचवीस मिनिटं घेते. "आज गिझर तापतच नाही" ही तक्रार पुष्कळदा गिझरची नसतेच.

दडलेला रोध

२२८ चे २१५ झाले. तेरा व्होल्ट वाटेत कोणी खाल्ले? तेरा व्होल्ट आणि ८.१ अँपिअर, म्हणजे वाटेतला रोध १३ ÷ ८.१ = १.६ ओहम, आणि वाटेत जळणारी शक्ती १३ × ८.१ = १०५ वॅट.

आता हे १०५ वॅट कुठे बसलेत ते शोधायचं. बसण्याच्या जागेवर सगळं अवलंबून आहे. डीपीपासून, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, घरापर्यंतच्या लांबलचक तारेवर पन्नास वॅट पसरले तर तारेला पत्ताही लागत नाही. तेच पन्नास वॅट मुगाएवढ्या स्क्रूवर बसले तर प्लास्टिक वितळतं.

गिझर चालू ठेवून वीजमीटरच्या शेजारच्या बोर्डावर मोजलं: २२१. म्हणजे सात व्होल्ट बाहेरच गेले, सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी) आणि त्यामागच्या लाइनवर. मावशीचं घर डीपीपासून लांब आहे, त्यामुळे ते मी मान्य केलं. उरले बोर्डापासून बाथरूमपर्यंत सहा.

वायरीचा वाटा किती असायला हवा ते हिशोबानं निघतं. तांब्याच्या वायरीचा रोध = ०.०१७५ × लांबी (मीटर) ÷ जाडी (चौरस मिलिमीटर). दुकानात आपण "अडीच एमएम" म्हणतो ते अडीच चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ असतं. तिचा तांब्याचा भाग एकसंध असता तर व्यास पावणेदोनपेक्षा जेमतेम जास्त भरला असता. बोर्डापासून बाथरूम १२ मीटर, जाऊन येऊन २४. (येणारी न्यूट्रल धरायची विसरू नका, निम्मं उत्तर येईल.) ०.०१७५ × २४ ÷ २.५ = ०.१६८ ओहम. त्याला ८.१ नं गुणलं की १.४ व्होल्ट.

सहातून दीड गेले तर साडेचार. हे साडेचार व्होल्ट वायरीचे नाहीत, कुठल्या तरी एका जोडाचे आहेत. ४.६ × ८.१ = ३७ वॅट. धातू वितळवून जोड लावणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

फेजमध्ये की न्यूट्रलमध्ये? यासाठी एक सोपी युक्ती आहे. अर्थिंगमध्ये एरवी करंट नसतो, म्हणून ती वायर स्थिर खुंटीसारखी वापरता येते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा, लोड चालू असताना. मावशीच्या बोर्डावर ते ३.५ होतं, बाथरूमच्या सॉकेटवर ८.८. वाटेत पाचाहून जास्त वाढलं. न्यूट्रलच्या वायरीचा वाटा पाऊण व्होल्टसुद्धा नाही. म्हणजे दोष न्यूट्रलमध्ये, आणि तोही बाथरूमच्या टोकाला.

एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) खाली केला, सॉकेटवर पुन्हा मीटर लावून शून्य असल्याची खात्री केली, प्लेट उघडली. न्यूट्रलचा स्क्रू बोटानं फिरत होता. त्याच्याजवळचं काळं आवरण कडक होऊन कुरमुऱ्यासारखं तुटत होतं, पितळी टर्मिनल निळसर-तपकिरी झालेलं, आणि प्लेटच्या मागे चहाच्या डागाएवढा जळका ठिपका. वास त्याचाच.

सैल स्क्रू नुसता पिळून भागत नाही, कारण तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढलेला असतो आणि टर्मिनलची पकड गेलेली असते. वायर दोन इंच मागे कापली, चकाकणारं तांबं दिसेपर्यंत. सॉकेट नवं टाकलं. पुन्हा मोजलं: २१९ व्होल्ट, ८.३ अँपिअर. रोध २६.४, तोच. शक्ती १८१८ वॅट.

मीटरची साक्ष

क्लॅम्प मीटर नसेल तरी वॅट मोजायचं एक यंत्र प्रत्येकाच्या दाराशी लावलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी प्रति युनिट किती लुकलुक ते छापलेलं असतं. मावशीच्या मीटरवर ३२०० होतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, एकच वस्तू चालू ठेवा आणि दहा लुकलुकींचा वेळ घ्या. पहिली लुकलुक शून्य धरायची, एक नव्हे.

एक युनिट म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद. ते भागिले ३२०० म्हणजे एका लुकलुकीला ११२५, दहाला ११२५०. त्याला सेकंदांनी भागलं की वॅट. दुरुस्तीच्या आधी दहा लुकलुकींना ६.३ सेकंद लागले होते: ११२५० ÷ ६.३ = १७८६ वॅट. आणि कॉइलला पोचत होते १७४२. मधले चव्वेचाळीस मीटरनं मोजले, मावशीनं बिलात भरले आणि भिंतीनं खाल्ले. रोजच्या अर्ध्या तासाच्या वापराला महिन्याचं पाऊण युनिटही होत नाही, त्यामुळे पैशाचं नुकसान सोडून द्या. भीती आगीची होती.

थंड बल्ब खोटं बोलतो

"एवढा उपद्व्याप कशाला, वस्तू बंद करून मल्टिमीटरनं सरळ ओहम मोजावेत की," असं कोणी म्हणेल. गिझर, इस्त्री, रॉड यांना ते बऱ्यापैकी चालतं, कारण त्यांच्या कॉइलमध्ये नायक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) असतं आणि तापल्यावर त्याचा रोध थोडासाच वाढतो. (प्लग काढूनच मोजायचं. चालू लाइनवर ओहमची रेंज लावली की मीटर गेला.)

पण जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. थंड असताना मीटर साधारण साठ-सत्तर ओहम दाखवतो. ६५ धरून हिशोब केला तर २३० × २३० ÷ ६५ = ८१४ वॅट. साठ वॅटच्या बल्बला आठशे! चूक सूत्राची नाही. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध तेरा-चौदा पट होऊन ८८२ ओहमवर जातो. ५२९०० ÷ ८८२ = ६०. बटण दाबल्याच्या क्षणी मात्र तार थंड असते आणि साडेतीन अँपिअरचा झटका बसतो. जुने बल्ब पेटवतानाच का जायचे, याचं उत्तर यात आहे. कामावर असताना मोजलेलं व्होल्टेज आणि करंट यांच्यावरून काढलेला रोध हाच त्या वस्तूचा खरा रोध.

पंखा, पंप आणि एलईडी

इथे वरची रीत अर्धीच चालते. मोटारीत तांब्याची वेटोळी (वाइंडिंग) असतात. ती करंटला नुसता रोध करत नाहीत, त्याला व्होल्टेजच्या मागे पाडतात. व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार मग वॅट नसतो, व्होल्ट-अँपिअर असतो. त्याला पॉवर फॅक्टरनं (त्यातला किती भाग खरे वॅट आहे ते सांगणारा, सहसा एकाहून कमी असलेला आकडा) गुणल्यावर वॅट मिळतात. भागाकार केला तर जे ओहम येतात तो वाइंडिंगचा रोध नव्हे. त्या आकड्यावरून वाइंडिंग जळलं की नाही हे ठरवू नका.

समजा एक एचपीचा सिंगल फेज पंप २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेतोय. गुणाकार १४९५. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर सुमारे १२७० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते पाण्याकडे जाणाऱ्या दांड्यावरचे. बाकीचे मोटार तापवण्यात जातात. पॉवर फॅक्टर माहीत नसेल तर वरची लुकलुकीची रीत वापरा. वीजमीटर खरे वॅटच मोजतो. लुकलुकीवरचे वॅट भागिले क्लॅम्पवरचे व्होल्ट-अँपिअर, की तुमच्या पंपाचा पॉवर फॅक्टर घरबसल्या हातात.

शेतावर तीन फेज असते. तिथे शक्ती = १.७३२ × दोन फेजांमधलं व्होल्टेज × एका फेजचा करंट × पॉवर फॅक्टर. पाच एचपीचा पंप ४१५ व्होल्टवर साडेसात अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर सुमारे ४३०० वॅट.

कॉइल आणि मोटार यांच्यातला एक फरक शेतकऱ्याला फार महाग पडतो. व्होल्टेज पडलं की गिझर गप्प कमी करंट घेतो, कमी तापतो, संपलं. भरल्या लोडवरच्या मोटारीला मात्र पाणी तेवढंच उचलायचं असतं. व्होल्टेज कमी पडलं तर ती करंट वाढवून घेते, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. कमी व्होल्टेजवर मोटार जळते ती अशी. त्यात विहीर वीजमीटरपासून २०० मीटरवर आणि केबल दहा एमएमची ॲल्युमिनियमची असेल तर एका तारेचा रोध ०.०२८ × २०० ÷ १० = ०.५६ ओहम. चालू पंपाला हा जेमतेम सात व्होल्टचा फटका. पण सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. ४५ अँपिअर धरले तर १.७३२ × ४५ × ०.५६, जवळजवळ ४४ व्होल्ट त्या क्षणी केबलमध्येच गेले. लाइन आधीच ३६० वर असेल तर पंप नुसता घूं करतो आणि बसतो.

एलईडी बल्बला रोध काढायलाच जाऊ नका. आत छोटं सर्किट असतं, करंट तुकड्यातुकड्यांनी घेतं, आणि साधा क्लॅम्प मीटर त्यावर चुकतो. ट्रू आरएमएस (तुटक करंटचाही खरा परिणामी आकडा दाखवणारा) लिहिलेला मीटर हवा, तरी मिळतील ते व्होल्ट-अँपिअरच.

रॉड आणि एक्स्टेन्शन

सॉकेटची प्लेट बसवून झाल्यावर मावशीनं पडवीतला पाणी तापवायचा रॉड दाखवला. १५०० वॅटचा, पाच मीटरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर, मोठ्या प्लगला ६ अँपिअरचा कन्व्हर्टर लावून. लेबलावरून हिशोब: १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर. सहाचं सॉकेट, साडेसहाचा लोड, तोही वीस-वीस मिनिटं सलग. एक्स्टेन्शनची वायर ०.७५ एमएमची, जाऊन येऊन दहा मीटर, म्हणजे ०.२३ ओहम. ६.५ × ६.५ × ०.२३, सुमारे दहा वॅट. पसरलेल्या वायरीला हे काहीच नाही. पण मावशीनं उरलेली वायर नीटनेटकी गुंडाळून रबर लावून ठेवली होती, आणि गुंडाळीतले दहा वॅट बाहेर पडायला वाट नव्हती. हात लावला तर गुंडाळी गरम भाकरीसारखी.

"रॉड लावायचा तर सोळाच्या सॉकेटमध्येच, आणि एक्स्टेन्शनशिवाय," मी म्हटलं. "रॉड बादलीत घालून मग बटण दाबायचं. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही."

मावशीनं माळ्यावरच्या तांब्याच्या बंबाकडे बघितलं. "याला निदान आकडेमोड तरी लागत नव्हती," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.